सार्वे साहेबांचा सर्व्हे

भंडाऱ्याच्या विमा शाखेत मी टायपिस्ट होते, तेव्हा सार्वे साहेब दर वैशाखात माझा छळ करायचे. वैशाखात आमच्याकडे तुफान सुटतं. तुफान सुटलं की घरांवरचे कवेलू, म्हणजे कौलं, उडतात, कवेलू उडाले की ज्यांनी घराचा विमा काढलेला असतो ते अर्ज करतात, आणि अर्ज आला की घर तपासायला सार्वे साहेब निघतात. परत आले की अहवाल लिहायचे. तो मराठीत, पेन्सिलीनं, जुनी पाकिटं फाडून त्यांच्या आतल्या बाजूला. त्याचं इंग्रजी करून तीन प्रतींत टाइप करायचं काम माझ्या गळ्यात. नागपूरच्या मोठ्या ऑफिसला इंग्रजीशिवाय काही पचत नसे.

सार्वे हे आमच्या भागातलं साधं आडनाव. पण घराचा सर्व्हे करायला वर्षानुवर्षं सार्वेच येत राहिल्यानं लोकांचा गोंधळ उडाला होता. विम्याच्या तपासणीला 'सार्वे' म्हणतात आणि ती करणाऱ्या माणसालाही सार्वेच म्हणतात, अशी अख्ख्या मोहाडी तालुक्याची समजूत. एका वर्षी साहेब आजारी पडले आणि त्यांच्या जागी नागपूरहून एक कुलकर्णी आले. तर गावकरी त्यांना घरात घेईनात. "तुम्ही कुलकर्णी, तुम्ही सार्वे कसे कराल जी?" असं म्हणून त्यांना चहा पाजला आणि परतीच्या बसमध्ये बसवून दिलं.

साहेब बुटके होते, गोल होते, आणि किंचित उजवीकडे कललेले होते. कारण कोटाच्या उजव्या खिशात गवंड्याचा लोखंडी ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही ते दोरीला लटकवून पाहायचं ते वजन. कुठलीही भिंत दिसली की ते ओळंबा काढत. आमच्या ऑफिसची भिंत त्यांनी इतक्यांदा तपासली होती की मॅनेजर साहेबांनी तिथे कॅलेंडर लावून टाकलं. मी एकदा म्हटलं, "साहेब, आधी स्वतः सरळ उभे राहा." ते मान हलवत म्हणाले, "मी कलतो तं चालते, बाई. माह्यावर कवेलू नाही."

त्यांचे वडील घरांवर कवेलू चढवणारे मिस्त्री होते. त्यामुळे वारा घराचं काय करतो हे साहेबांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की उडालेला कवेलू आंधळ्यालाही दिसतो, त्याच्यासाठी सरकारी पगाराचा माणूस कशाला पाहिजे? खरा वारा छपरीतून, म्हणजे ओसरीतून, आत शिरतो, सगळं छप्पर बोटभर उचलतो आणि पुन्हा खाली ठेवतो. बाहेरून पाहावं तर घर ठणठणीत. आत सांधे निखळलेले. याला ते 'मुका मार' म्हणत. माणसाला बसतो तसाच घराला बसतो. आणि तो शोधून काढल्याशिवाय ते अर्जाचा निकाल लागू देत नसत, मग नागपूरहून कितीही तारा येवोत.

आता या मुक्या माराचं इंग्रजी मी काय करणार? नवी नवी होते, वीस कागद टाइप व्हायचे होते, डोकं भणभणलं होतं. मी सरळ 'डम्ब बीटिंग' करून टाकलं. घराला पश्चिमेकडून डम्ब बीटिंग झालेली आहे. महिन्याभरात नागपूरहून पत्र आलं, की सदर घराला मारहाण कोणी केली, कारण काय, आणि पोलिसात तक्रार नोंदवली असल्यास तिची नक्कल सोबत जोडावी. माझं धाबं दणाणलं. साहेबांना पत्र वाचून दाखवलं, तर ते पोट धरून हसले आणि तिथेच माझ्या टेबलावर पाकीट फाडून उत्तर लिहिलं: 'आरोपी मारहाण करून गोंदियाच्या दिशेने फरार. परत येण्याची शक्यता पुढील वैशाखात.' मी ते तसंच टाइप केलं. अर्ज मंजूर झाला. नागपुरात कोण बसत होतं देव जाणे, पण तेव्हापासून मला त्या ऑफिसबद्दल जिव्हाळा वाटू लागला.

साहेबांची तपासणी हा पाहण्यासारखा प्रकार होता. ऐन दुपारी बारा वाजता घरात शिरायचं, कोट काढून उशाशी घ्यायचा आणि माजघराच्या मधोमध जमिनीवर उताणं पडायचं. सूर्य डोक्यावर असला की कवेलूंच्या फटींतून कवडसे खाली पडतात. कुठला कवडसा जुना आणि कुठला नवा, हे ते घरातल्या बाईला विचारत. बाईला बरोबर माहीत असतं, कारण जुन्या कवडशाखाली ती पापड वाळवत नाही. दहा-पंधरा कवडसे मोजून झाले की त्यांचे डोळे मिटत. मग अर्धा तास घोरणं. घरचे लोक चवड्यांवर चालत, मुलांना दटावत, "चूप रे पोट्टेहो, सार्वे चालू हाये!"

दुसरं म्हणजे जळमटं. जुनं, धुरानं काळं झालेलं जळमट झाडूशिवाय तुटलं असेल तर तिथे छप्पर हललं, हा त्यांचा पक्का हिशेब. आणि इथेच त्यांची साऱ्या तालुक्याच्या बायकांशी दुश्मनी होती. साहेब येणार म्हणून बायका आदल्या दिवशी घर लख्ख झाडून, सारवून, रांगोळी काढून ठेवत. हे दारातून वर पाहत आणि कपाळाला हात लावत. "जळमटं काहून काढली, बाई? सारा पुरावा झाडून टाकला ना!" एका घरी तर घरधनीण रडायला लागली. संसाराच्या बारा वर्षांत कोणी तिच्या घरात जळमटं नाहीत म्हणून बोल लावला नव्हता.

लबाडी त्यांना तात्काळ कळे, पण ते कधी चिडत नसत. मोहाडीजवळच्या एका पाटलानं वाऱ्यानं काही केलं नाही म्हणून स्वतःच रात्रीतून अर्धं छप्पर उतरवलं आणि अर्ज ठोकला. साहेब घराभोवती फिरले. मागे गोठ्यात सगळे कवेलू ओळीनं रचलेले, एकही फुटलेला नाही. ते पाटलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या गावची हवा मोठी शिस्तीची दिसते, पाटील. कवेलू काढले, पुसले, अन् गोठ्यात रचून ठेवले. आमच्या घरी पाठवा ना एखांद्या दिवशी." पाटलानं अर्ज मागे घेतला आणि साहेबांना जेवू घातलं. जेवताना साहेबांना त्याच घराच्या मागच्या भिंतीत खरा मुका मार सापडला, ती गोष्ट वेगळी. त्याचा अर्ज त्यांनी स्वतः बसून लिहवून घेतला.

तपासणीचं हे सगळं मी ऐकीव सांगते आहे. त्यांची तपासणी डोळ्यांनी पाहायची वेळ माझ्यावर एकदाच आली आणि ती माझ्याच माणसांच्या घरी.

सिहोऱ्याला माझे मामा राहत. तीन बांध्यांची धानाची शेती, बैलजोडी, कवेलूंचं चांगलं लांबरुंद घर. भाचीच्या नोकरीला हातभार म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी घराचा विमा काढला होता. त्यांची मुलगी कुसुम, तिचं लग्न ठरलं. मुलगा वरठीचा, चांगला, शांत. पण मुलाचा आजोबा! पंच्याहत्तरीचा म्हातारा, रीतिभातीच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. आधीची एक सोयरीक त्यानं अक्षता उलट्या हातानं वाटल्या म्हणून मांडवातून उठवली होती. त्याची एकच अट. गावकऱ्यांची पंगत बाहेर मांडवात बसो, पण वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांची मानाची पंगत घराच्या आत, माजघरातच बसेल.

लग्नाच्या पाच दिवस आधी तुफान आलं. पाच-पन्नास कवेलू उडाले, ते मामांनी दुसऱ्या दिवशी चढवले, भिंतींना चुना मारला आणि विषय संपवला. मी लग्नाच्या कामाला म्हणून रजा काढून आलेली. ऑफिसची सवय, मी मामांच्या नावानं एक अर्ज पाठवून दिला. मामांना कळलं तेव्हा ते माझ्यावर उखडले. "कायले केला अर्ज? आता लोकं म्हणतीन घर पडलं. अन् घर मोडकं तं पोरगी मोडकी, असं समजते तो बुढा!"

लग्न दोन दिवसांवर असताना सार्वे साहेब उगवले. मामा त्यांना दारातच अडवून उभे. "काही नाही झालं साहेब. एकदम फस्टक्लास हाये घर. पाणी घ्या, चहा घ्या, अन् चाला तुम्हाले बसवर सोडून देतो."

साहेबांनी डोळे बारीक केले. "बारा वर्सं झाले मी हे काम करून राहिलो. नुकसान नाही झालं म्हणणारा माणूस पह्यल्यांदा पाहून राहिलो. मले आत येऊ द्या."

आत माजघरात आम्ही सात-आठ बायका शेवया करत बसलो होतो. भिंती पांढऱ्याफेक, जळमटाचा मागमूस नाही. साहेबांचा चेहरा पडला. पण हार मानतील तर ते सार्वे कसले? कोट काढला आणि आमच्या मधोमध, परातींच्या बाजूला, उताणे पडले. मामीनं घाईनं त्यांच्या अंगावरून शेवयांची काठी उचलली. कवडसे नव्हते, मामांनी कवेलू नीट बसवले होते. मग पडल्या पडल्याच ते एकेकीला विचारू लागले, "तुफानानंतर घरात काही बदललं का, बाई? काही वाजते का? काही वाजाचं बंद झालं का?"

मामा दारातून सगळ्यांकडे डोळे वटारून पाहत होते. तेवढ्यात, जिला हळद लागायची होती ती कुसुम, आमची सरळ पोर, बोलून गेली. "मधलं दार सुधरलं ना जी. आधी लाथ मारल्याबिगर लागत नोतं. त्या दिवसापासून आपोआप लागते."

"शकुन हाये तो!" मामी म्हणाली. "पोरीच्या लग्नासाठी दार बी सुधरलं."

साहेब ताडकन उठून बसले. त्यांच्या पाठीला चार शेवया चिकटलेल्या. "दार कधी सुधरत नाही, वहिनी! दार सुधरलं म्हणजे घर बिघडलं!"

शिडी आणली, साहेब माळ्यावर चढले. बराच वेळ नुसती खुडबुड. उतरले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धूळ आणि चेहरा इतका गंभीर की मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मामांना बाजूला घेतलं. छपराच्या मध्यावरचं जे लांब लाकूड असतं, ज्याच्यावर दोन्हीकडचे उतार टेकतात ते आढं, ते वाऱ्यानं उचलून पुन्हा टाकलं होतं. आणि टाकताना जागेवर टाकलं नव्हतं. भिंतीतल्या दगडावरून त्याचं टोक सरकलं होतं, त्यामुळे मधल्या दारावरचा दाब सुटून दार सुधरलं होतं, आणि ते टोक आता दोन बोटं मातीवर टेकून उभं होतं. त्या दोन बोटांखाली परवा म्हाताऱ्यांची पंगत बसणार होती.

"पंगत बाहेर बसवा," साहेब म्हणाले.

"बुढा वरात परत नेईन."

"मग छप्पर उतरवा."

"चार दिवसाचं काम हाये साहेब. परवा लग्न हाये."

"तं मधात बल्लीचा टेकू लावा."

मामांनी माजघराकडे वळून पाहिलं. लग्नघराच्या मधोमध लाकडाच्या खांबाचा टेकू! व्याही विचारतील, हे काय? मग काय सांगायचं? कुसुम दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. मामांनी साहेबांचे हात धरले. "साहेब, हे लगन मोडलं तं माह्या पोरीले पुन्हा कोणी पुसणार नाही. तुम्ही कागदावर लिहा, घर बरोबर हाये. दोन दिवस उभं राहीनच ना ते!"

साहेबांना कागदावर काहीही लिहायचा हक्क होता, घरात काही करायचा हक्क नव्हता. सर्व्हे करून निघून जायचं, एवढंच त्यांचं काम. पण ते गेले नाहीत. बसच गेली.

तोड काढली मामीनं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बल्ली लावा, पण आंब्याच्या पानात गुंडाळा. लग्नघरात आंब्याचं पान दिसलं तं कोणी काही विचारत नाही." झालं. सागाची जाडजूड बल्ली आणली, साहेबांनी ओळंबा धरून ती आढ्याखाली उभी केली, बुडाशी जमिनीच्या रेषेत हळदीचं एक बोट ओढलं. बायकांनी तिला आंब्याची पानं, झेंडू, वरून जुनी हिरवी चोळी बांधली. बल्ली अशी नटली की मुलीपेक्षा तीच नवरी वाटायची.

लग्नाच्या दिवशी अकराला अक्षता पडल्या आणि मानाची पंगत आत आली. सगळ्यात पुढे आजोबा. बल्लीपाशी येऊन ते थांबले. वर पाहिलं, खाली पाहिलं. "हे काय होय?"

मामी भिंतीकडे तोंड करून उभी. कुसुम नवऱ्याशेजारी बसलेली, तिनं डोळे गच्च मिटून घेतले. आणि तेवढ्यात मागून सार्वे साहेब पुढे झाले. डोक्याला मामांचा फेटा, तो कानावर आलेला.

"आतली मेढ!" ते म्हणाले.

"आतली मेढ?"

"बाहेरची मेढ मांडवाची, आतली मेढ घराची. सिहोऱ्याची जुनी रीत हाये जी. पंगतीच्या आधी पाया पडाचं, अन् हात नाही लावाचा." आणि मग, माणूस एकदा वाहवत गेला की थांबत नाही तसं, त्यांनी जोडून दिलं, "तुमच्याकडे नसते का?"

आजोबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आपल्याला एखादी रीत माहीत नाही असं त्या म्हाताऱ्यानं जन्मात कबूल केलं नव्हतं. त्यानं खाकरून घसा साफ केला. "असते ना! आमच्या आज्याच्या वेळी होती. आता कोण करते? आजकालच्या लोकाईनं साऱ्या रीती सोडल्या." आणि आपल्या मुलाकडे वळून, "शिका जरा यांच्यापासून!"

त्यानं वाकून बल्लीला नमस्कार केला. त्याच्या मागे अख्ख्या वऱ्हाडानं केला.

पंगत दीड तास चालली. साहेब बल्लीला पाठ लावून बसले होते, 'मेढीचा मानकरी' म्हणून. त्यांनी अन्नाला हात लावला नाही. वर पाहत होते, आणि कपाळावरून घाम फेट्यात जात होता. आजोबांनी तिसऱ्यांदा वरण मागितलं, चौथ्यांदा बुंदी मागितली, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतः वाढायला धावले आणि म्हाताऱ्याच्या पानात एकदम ओंजळभर टाकून त्याचं तोंड बंद केलं. शेवटचा माणूस हात धुवायला बाहेर पडला तेव्हा साहेबांनी मला बोटानं खाली दाखवलं. हळदीचं बोट जमिनीखाली गेलं होतं. वरचा भार बल्लीवर आला होता आणि बल्ली तेवढी रुतली होती. मला तिथल्या तिथे रडू फुटलं. लोक म्हणाले, बहिणीचं लग्न आहे, रडणारच.

कुसुम सासरी गेल्यावर चार दिवसांनी छप्पर उतरवून आढं जागेवर बसवलं. मधलं दार पुन्हा अडकायला लागलं. मामीनं कुरकुर केली तर साहेब आनंदानं त्या दाराला स्वतः तीन लाथा मारून आले. अहवालात त्यांनी 'नुकसानीचा प्रकार' या रकान्यात लिहिलं होतं: 'दार सुधारले.' मी निमूटपणे टाइप केलं. नागपूरहून उत्तर आलं, की सुधारणेची भरपाई देण्याची तरतूद नाही. त्यावर साहेब आणि नागपूर यांच्यात सहा महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी नागपूर थकलं.

साहेब रिटायर झाले, मोहाडीला जाऊन राहिले. मग बरीच वर्षं गाठ नाही. शेवटचं पाहिलं ते मोहाडीतल्याच एका लग्नात. मुलीच्या बापानं नवं स्लॅबचं घर बांधलं होतं, गुळगुळीत, फरशीचं. आणि हॉलच्या मधोमध, रेतीच्या डब्यात, सागाची एक बल्ली उभी. आंब्याची पानं, झेंडू, हिरवी चोळी. बल्लीचं वरचं टोक स्लॅबपासून चांगलं हातभर खाली होतं, तिच्यावर कशाचाही भार नव्हता. लोक ओळीनं पाया पडून पंगतीला बसत होते.

साहेब म्हातारे झाले होते, कोट ढगळ झाला होता. ते मेढीपाशी उभे राहून वर पाहत होते. त्यांनी हात लावून बल्ली जरा हलवून पाहिली. सवय, दुसरं काय! तसा मुलीचा बाप तीरासारखा आला.

"हात नका लावू जी बुढेबाबा! आतली मेढ हाये ते!"

"कोणाची रीत होय ही?" साहेबांनी विचारलं.

"कोणाची म्हणजे? आमच्या पणज्यापासून चालत आली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडात कोंबून उभी होते. एक शब्द त्यांनी बोलायचा अवकाश, की मी साऱ्या मांडवाला गोष्ट सांगून टाकली असती. सिहोऱ्याच्या माजघरात घामानं चिंब बसलेला तो माणूस आठवला आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की तोंडाशी आलेलं हसू तिथेच अडलं.

"चुकलं, भाऊ," साहेब म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही हात जोडले आणि डोकं वाकवून मेढीला नमस्कार केला. मग पंगतीत जाऊन बसले आणि पोटभर जेवले.